माझ्या एकटीने काय होणार? – एसी, गच्ची आणि हवामान बदलातला आपला वाटा

पाऊलवाट (धागाकर्ती)

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर एसीची सतरा आउटडोअर युनिट्स आहेत. अकरा वर्षं मी इथे राहते, पण ती कधी मोजली नव्हती. या उन्हाळ्यात मोजली. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी ओट्याशी उभ्या राहून बोलता बोलता म्हणाल्या, "ताई, रातच्याला तुमच्या बाजूनं लई गरम वाफ येती. खिडकी उघडली तर भट्टीच्या तोंडाशी बसल्यागत होतं, अन् लावली तर जीव गुदमरतो."

त्यांची वस्ती त्या भिंतीच्या मागेच आहे, मध्ये फक्त नाला. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. संध्याकाळी मुलगा पत्र्यावर पोती अंथरून त्यावर पाणी मारतो, तेही नळाला पाणी आलं असेल तर. सतरापैकी दोन युनिट्स आमच्या घरची आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बिलं काढून बसले. हिशोब साधा ठेवला. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावर होते, त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरायचा. लिटरभर पेट्रोलला २.३ किलो. १४.२ किलोचा सिलिंडर संपला की साधारण ४२ किलो. आमचं एप्रिलचं बिल ४१२ युनिटचं, म्हणजे २९० किलो. गाडीचं पेट्रोल ३५ लिटर, म्हणजे ८० किलो. सिलिंडर एक. चौघांच्या घराचे एका महिन्याचे चारशे किलोच्या वर गेले. यात कपडे, सिमेंट, दूध, ऑनलाइन मागवलेली खोकी यांतलं काहीच धरलेलं नाही.

एवढी वर्षं मी स्वतःला पर्यावरणाची काळजी घेणारी बाई समजत होते. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली त्याच्या आधीपासून माझ्या पर्समध्ये कापडी पिशवी असते. ती असायलाच हवी, नाला कशाने तुंबतो ते मी रोज पाहते. पण पिशवी डोळ्यांना दिसते आणि विजेचा धूर चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत निघतो. जे दिसतं ते केलं आणि मन शांत झालं. जे दिसत नव्हतं ते सतराव्या युनिटपर्यंत वाढत गेलं.

दुसरी गोष्ट आमच्या सर्वसाधारण सभेची. गच्चीवर सोलर बसवून लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालवावेत असा प्रस्ताव मी गेल्या वर्षी मांडला होता. चर्चा सात मिनिटं चालली. "गच्ची गळायला लागली तर जबाबदार कोण?" "पैसे किती वर्षांत वसूल?" "आमचं वय झालं, आम्हाला काय उपयोग?" त्यानंतर पार्किंगचा विषय निघाला आणि तो पावणेदोन तास पुरला. ही माणसं वाईट नाहीत. कोविडमध्ये यांनीच एकमेकांच्या दाराशी डबे ठेवले होते. मग या एका विषयावर सगळ्यांचं मन असं मिटून का जातं?

२०२४ हे औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त तापलेलं वर्ष होतं. २०१५ साली पॅरिसमध्ये ठरलेली दीड अंशाची रेषा वर्षाच्या सरासरीत पहिल्यांदा ओलांडली गेली. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो, २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. एवढ्या लवकर तो आल्याची नोंदच नाही. या बातम्या आम्ही सगळे वाचतो, एकमेकांना पाठवतो आणि एसी २० वर लावून झोपतो.

म्हणून विचारते. तुम्ही तुमच्या घरात, गावात, सोसायटीत खरंच काय बदललं? आणि कशाने फरक पडतो असं तुम्हाला वाटतं?

---

खडा सवाल

कळकळ पोचली, पण मूळ गृहीतकच मला मान्य नाही. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या जवळपास आणि आपली साधारण दोन टन. दोनशे वर्षं कोळसा जाळून ज्यांनी घरं भरली त्यांनी आधी हात आवरावा. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे आपल्यामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशोब, हा शब्द घरोघरी कोणी पोचवला? २००५च्या सुमारास एका बड्या तेल कंपनीने, बीपीने, त्याची जाहिरात केली. तेल विकणारा म्हणतो, तुमच्या पावलाचा ठसा मोजा. आणि आपण बिलं काढून बसतो.

माझ्या आईने आयुष्यभर तव्यावरची उरलेली आच वाया जाऊ दिली नाही. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या. आता सत्तराव्या वर्षी तिला एसी मिळाला, तर तो बंद कर असं मी तिला सांगणार नाही.

---

पाऊलवाट (धागाकर्ती)

आईंचा एसी बंद करा असं मीही म्हणणार नाही. आमच्याही घरी सासूबाईंच्या खोलीत तो लागतोच.

पण त्या दोन टनांबद्दल एक सांगू? ती सरासरी आहे. त्यात मी आहे आणि आमच्या मावशीही आहेत. त्यांच्याकडे एक पंखा, एक बल्ब, एक टीव्ही. गाडी नाही, विमान नाही. भारताचा आकडा कमी दिसतो तो त्यांच्यामुळे. माझ्यासारखी माणसं त्यांच्या सावलीत उभी राहून जगाला सांगतात, बघा आम्ही किती कमी वापरतो. आंतरराष्ट्रीय परिषदेत आपल्या सरकारने दरडोई आकडा जरूर मांडावा, तो न्यायाचाच मुद्दा आहे. पण माझ्या स्वयंपाकघरात मावशींच्या समोर तो मांडायला माझी जीभ रेटत नाही.

---

देवगडकर

आमच्याकडे हे 'बदल' वगैरे शब्द नंतर आले, आधी आंब्याच्या मोहोराचं तंत्र बिघडलं. दिवाळी झाली की थंडी पडायची, झाडाला ताण बसायचा, डिसेंबरात मोहोर. आता थंडी येते, चार दिवस राहते, जाते. फळ वाटाण्याएवढं झालं की पुन्हा थंडीची लाट येते आणि त्याच फांदीला नवा मोहोर फुटतो. झाड सगळं बळ त्या नव्या मोहोराला देतं आणि आधीची फळं गळतात. याला पुनर्मोहोर म्हणतात. त्यावर जिब्रेलिक ॲसिडची फवारणी दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं, आम्ही करतो. मग तुडतुडे, मग थ्रिप्स, मग मार्चमध्येच फळ उन्हाने भाजतं. माझे वडील हंगामाला मोजक्या फवारण्या करायचे. मला त्यांच्या दुप्पट कराव्या लागतात आणि फळ कमीच.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं. काढणीला आलेला आंबा जमिनीवर, आजोबांच्या हातची चार कलमं मुळासकट आडवी. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी (सुपारी)-माडांच्या वाड्या झोपवल्या होत्या. पोफळ पुन्हा लावली तर पीक यायला सात-आठ वर्षं. आमचे पाहुणे आहेत तिकडे, वादळानंतर वाडीत उभं राहिलं की थेट समुद्र दिसायचा, पूर्वी तो कधी दिसत नसे.

आता आमची चूक सांगतो, कारण विषय जबाबदारीचा आहे. वणवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी तरी सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, वाळलं गवत पेटवतो. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं अशी समजूत, कुणाची विडी, कुणाची भाजावळ (पेरणीआधी शेत भाजणं) हाताबाहेर गेलेली. वारा सुटला की काजू-आंबा जळत जातो. आमच्या वाडीत तीन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता सगळे ओल्या गोणपाटांनी आग बडवत होतो. माझ्या भावाचे भुवईचे केस गेले. सकाळी बघतो तर काजूची पंचवीस झाडं काळी. त्यानंतर वाडीने ठरवलं, थंडी संपायच्या आत सगळ्यांनी मिळून जाळरेषा काढायची. पंधरा फुटांचा पट्टा साफ करायचा, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. घरटी एक माणूस, दोन दिवस. जो येणार नाही त्याने मजुरी द्यायची. तीन वर्षांत आमच्या सड्यावर आग आत आलेली नाही. शेजारच्या गावात दरवर्षी लागते.

अमेरिकेशी मी बोलू शकत नाही. सड्यावर काडी टाकणारा माझ्याच गावचा आहे, त्याच्याशी बोलू शकतो.

---

तंत्रज्ञ_७१

चौतीस वर्षं एसी-फ्रिज दुरुस्तीत आहे, म्हणून एसीबद्दल लिहितो. लोकांना वीज दिसते, गॅस कोणाला दिसत नाही.

एसीतला गॅस 'संपत' नाही. तो बंद नळीत फिरत असतो. दर उन्हाळ्यात तुम्हाला "गॅस मारावा" लागत असेल तर नळी कुठेतरी गळतेय. नुसता गॅस भरणारा मेकॅनिक स्वस्त पडतो, पण तो भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हवेत गेलेला असतो. आता हा गॅस किती भारी ते ऐका. एसीत भरतात त्या आर-४१०ए गॅसचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशोबाने २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत किलोच्या आतबाहेर गॅस असतो. वर कोणी तरी लिहिलंय की भारतीय माणसाचे वर्षाला दोन टन. एका एसीचा गॅस सोडून दिला की एका माणसाचं वर्ष गेलं, तेही पाच मिनिटांत. जुना आर-२२ सुद्धा १,८१० आहे. नव्या मशिनमधला आर-३२ साधारण ६७५, म्हणजे बराच बरा. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो जवळजवळ नगण्य, पण पेट घेणारा, त्याला शिकलेलाच माणूस लागतो.

सगळ्यात जास्त गॅस कुठे जातो सांगू? घर बदलताना. मुलं येतात, नळीच्या जोडाचा फ्लेअर नट ढिला करतात, फुस्स करून सगळा गॅस बाहेर, युनिट खांद्यावर आणि चालले. मीही उमेदवारीत तेच शिकलो, लाज वाटते सांगायला. बरोबर पद्धत अशी: एसी चालू ठेवून आधी लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, कॉम्प्रेसर गॅस ओढून आउटडोअरमध्ये साठवतो, मग सक्शनचा बंद करायचा आणि मशिन थांबवायचं. याला पंप डाऊन म्हणतात. दहा मिनिटांचं काम. गॅस वाचतो आणि तुमचे गॅस भरण्याचे पैसेही. पुढच्या वेळी माणूस आला की एवढंच विचारा, "पंप डाऊन करणार ना?" गिऱ्हाईकाने विचारलं की आमच्या धंद्यातला माणूस सरळ होतो, हा माझा अनुभव आहे.

गळती असेल तर नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून शोधायला सांगा. जोड पक्का करायचा, व्हॅक्यूम काढायचा, मग गॅस. पाचशे-हजार जास्त जातील, पण पुढे दोन-तीन वर्षं हात लावावा लागणार नाही.

आणि २४ वर ठेवून पंखा लावा. एक अंश वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू करताना २४ वरच येतात, तो सरकारी नियम आहे. आपणच रिमोट हातात घेऊन खाली आणतो.

खडा सवाल यांना एक. ओझोनचं भोक ऐकलं असेल. १९८७ ला माँट्रियलचा करार झाला, आमचे जुने गॅस बंद झाले, धंद्यात खूप आरडाओरड झाली, पण ओझोनचा थर आता सावरतोय. नंतर २०१६ ला रवांडातल्या किगालीत आर-४१०ए, आर-३२ अशा नव्या गॅसबद्दल ठरलं. भारताने २०२८ ला वापर गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा. करार वर होतात, पण नट शेवटी माझ्यासारख्याच्या पान्ह्याने फिरतो.

---

लातूरची लेक

सगळं वाचलं. माझं छोटंसं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी दहावी संपवून घरी होते. टँकरचा नंबर लागायचा रात्री. आई मोठ्या परातीत बसवून धाकट्या भावाला आंघोळ घालायची, ते पाणी फरशी पुसायला, तेच शेवटी संडासात. आता पुण्यात राहते. शेजारच्या घरात टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहत राहतं. मी दार वाजवते. पहिल्यांदा त्यांना राग आला होता, आता दार वाजलं की आतूनच "बंद करते गं" म्हणतात.

घरी ऊस अजून आहे. बाबांना ठिबक करून झालं, पण ऊस सोडा म्हटलं की गप्प बसतात. कारण ऊस कारखाना ठरलेल्या दराने नेतो आणि तुरीचं काय होईल ते कोणीच सांगत नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. २०२५च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात उलटंच झालं, उभं सोयाबीन पाण्याखाली. दुष्काळाची सवय असलेल्या माणसांनी पुरात काय करायचं ते कोणाला माहीत होतं?

---

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. जुलै २०२१ मध्ये इथे आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पूर आला, देशात १८० हून जास्त माणसं गेली. आम्ही शेजारच्या गावांत चिखल काढायला गेलो होतो. आठवड्याभरात, २२ जुलैला, चिपळूण बुडाल्याचे व्हिडिओ आले, महाडजवळ तळियेची दरड कोसळली. माझी मावशी चिपळूणची. हातावर इथला चिखल वाळलेला आणि फोनवर ती सांगतेय की पाणी पहिल्या मजल्याच्या पायरीला लागलंय. श्रीमंत देश, गरीब देश हा फरक त्या दिवशी माझ्यासाठी पुसला गेला. अर्थात तो नंतर परत दिसला: इथे विमा होता, भरपाई होती, तिकडे मावशीने दुकानातला माल फावड्याने बाहेर काढला.

माझं एक जड ओझं मांडतो. मी गाडी घेतलेली नाही. मे २०२३ पासून इथे ४९ युरोंत देशभरच्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास निघाला (आता महाग झालाय), मी त्यावरच फिरतो. मांस सोडलं. पण दरवर्षी आई-बाबांना भेटायला येतो, आणि जाऊन-येऊन त्या एका प्रवासाचे साधारण दीड टन होतात. गाडी न घेऊन वाचवलेलं त्यात बरंचसं जातं. बाबा ८१ वर्षांचे आहेत. मी येणं थांबवणार नाही. मी फक्त दोनदा दहा-दहा दिवस येण्याऐवजी एकदाच पाच आठवडे येतो, कचेरीला तसं पटवायला दीड वर्ष लागलं. बाबांना तेच जास्त आवडतं.

---

भाडेकरू

इथे सगळे गच्ची, सभा, बाग याबद्दल बोलताहेत. मी भाड्याच्या खोलीत राहतो, सभेत मला बसता येत नाही, मीटर मालकाच्या नावावर. कंपनीने सामान पोचवायला दुचाकीवर ठेवलंय. एप्रिलच्या दुपारी एक ते चार मी रस्त्यावर असतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, त्यानंतर आठवडाभर सगळे विचारत होते, "पाणी पितोस ना?" मग थांबले.

तुम्ही खरंच विचारताय म्हणून सांगतो. दुपारचं मागवू नका, सकाळी किंवा सातनंतर मागवा. "दहा मिनिटांत" नको म्हणा. आणि इमारतीच्या खाली, सावलीत, एक माठ ठेवा. माझ्या हद्दीत सहा इमारतींत माठ आहे, त्या मला पाठ आहेत.

---

सचिव_ब_विंग

पाऊलवाट ताई, तुमच्या सभेचं वर्णन वाचून आमचीच सभा आठवली. आमचा प्रस्ताव दोनदा पडला, तिसऱ्यांदा झाला. काय केलं ते लिहितो, उपयोग झाला तर बघा.

आम्ही हवामानावर बोलणंच आधी थांबवलं. सामायिक मीटरची तीन वर्षांची बिलं एका कागदावर मांडली आणि प्रत्येक दाराखाली सरकवली. १ किलोवॅटला महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात आणि शंभर चौरस फूट जागा लागते. आम्ही २० किलोवॅट बसवले, म्हणजे महिन्याला २,४०० युनिटच्या आसपास. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. २०२४ ला आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. उरलेले पैसे सिंकिंग फंडाला (मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीला) हात न लावता वर्षभराच्या वाढीव देखभाल शुल्कातून काढले. तुमच्या ७०० ग्रॅमच्या हिशोबाने महिन्याला पावणेदोन टनांच्या जवळ वाचतात. म्हणजे तुमच्यासारखी चार घरं वीज, पेट्रोल, गॅस सगळं बंद करून बसली तरच एवढं साधेल.

गळतीची भीती खरी असते, ती उडवून लावू नका. आम्ही स्लॅबला भोक न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा केला आणि आधी वॉटरप्रूफिंग करून घेतलं. खरा विरोध मात्र कुठून आला ते आम्हाला दोन सभांमध्ये कळलंच नाही. तिसऱ्या सभेआधी मी पत्नीला घेऊन घरोघर गेलो, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मग आम्ही पापड-सांडगे कुठे घालायचे?" निम्म्या घरांचा मुद्दा वाळवणाचा होता आणि सभेत कोणी बोलत नव्हतं, कारण सभेत पुरुष बसतात. नैऋत्येचा कोपरा वाळवणासाठी मोकळा ठेवला, तसं ठरावात लिहून दिलं. आजींनीच हात वर केला.

आमचा वरचा मजला पॅनेलच्या सावलीमुळे थंड राहतो, तिथल्या दोन घरांनी गेल्या वर्षी एसी उशिरा सुरू केला.

---

खडा सवाल

ताई, ती 'सावली' दोन दिवस डोक्यातून गेली नाही. मान्य करतो.

तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. माठ ठेवणं, जाळरेषा काढणं, पंप डाऊन विचारणं, सगळं खरं आणि चांगलं. पण हे वाचून कोणाला असं वाटू नये की महापालिकेने बस कमी केल्या तरी चालतील. माझ्या मार्गावर बस पूर्वी दहा मिनिटांनी यायची, आता पंचवीस. थांब्यावर छप्पर नाही. अशा थांब्यावर उभं राहून माणूस दुचाकी घेतो, तेव्हा ती त्याची निवड नसते. उन्हाळ्याचा आराखडा अहमदाबादने २०१३ मध्ये केला, २०१० च्या उष्णतेच्या लाटेत माणसं गेल्यानंतर. आपल्या प्रभागाचा आराखडा कुठे आहे हे विचारणं हीसुद्धा माझीच वैयक्तिक जबाबदारी आहे, असं मी आता म्हणतो. मी थांब्यावरच्या प्रवाशांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. आज सकाळी एकवीस झाल्या.

---

तंत्रज्ञ_७१

ताई, एक राहिलं. मागच्या भिंतीवरची युनिट्स गच्चीवर नेता येतात का ते बघा. वरच्या दोन-तीन मजल्यांची जातात, खालच्यांना नळी लांब पडते आणि मशिनवर ताण येतो. वस्तीतल्या पत्र्यांना पांढरा रंग द्या, चुन्याचाही चालतो, फक्त पावसानंतर दर वर्षी द्यावा लागतो. पांढऱ्या पत्र्याखाली खोली दोन ते पाच अंश कमी तापते. मी आमच्या वर्कशॉपला दिलाय.

---

पाऊलवाट (धागाकर्ती)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वाळवणाचं वाचून मी थांबलेच. आमच्या त्या सात मिनिटांत एकही बाई बोलली नव्हती, माझ्याशिवाय.

मावशींना पांढऱ्या रंगाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या एकटीच्या पत्र्याला नको ताई, लायनीतल्या सगळ्यांना द्या, नायतर कसं दिसतं ते." एकोणीस खोल्या आहेत. आमच्या मागच्या बाजूला एसी असलेल्या घरांपैकी नऊ घरं पैसे द्यायला तयार झाली, पत्र्यावर चढायला वस्तीतली मुलं आहेत. सातव्या मजल्यावरचे काका त्यांचं युनिट गच्चीवर न्यायला हो म्हणालेत, पंप डाऊन करूनच. मी रंगाचा भाव काढून आणलाय. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेला की सुरू करू.

खाली वॉचमनच्या केबिनशेजारी माठ ठेवला आहे, कालपासून.

सोलरचा विषय पुन्हा विषयपत्रिकेवर घेतलाय, पार्किंगच्या आधी. सभा येत्या रविवारी अकराला आहे. सचिवसाहेब, तुमचा बिलांचा तक्ता आणि वाळवणाच्या कोपऱ्याचा ठराव शनिवारपर्यंत पाठवू शकाल का? झेरॉक्स काढून मी आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनी शनिवारी संध्याकाळी घरोघर जाणार आहोत.